वसाहत, वस्ती आणि वसवणं: फरक काय, कुठं काय लिहायचं

ताई, तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, पण पोराचा मुद्दा चुकीचा नाहीये. शहाद्याकडच्या शाळेत तुम्ही इतिहास शिकवता, धड्यात ‘इंग्रजांच्या वसाहती’ आल्या, आणि एक पोरगं उठून म्हणालं की आमच्या घरामागं पण वसाहत आहे, पुनर्वसनाची, तिथं इंग्रज राहायचे का. त्यावरून तुम्ही विचारलंय की वसाहत, वस्ती, वसवणं ह्यात नेमका फरक काय आणि लिहिताना कुठं कोणता शब्द घ्यायचा. मी काही भाषेचा प्रोफेसर नाही. भूमी अभिलेखात भूकरमापक म्हणून सगळी नोकरी गेली, साखळी आणि प्लेन टेबलपासून मशीनच्या मोजणीपर्यंत सगळं केलं, आता रिटायर होऊन लोकांचे लेआउटचे कागद बघून देतो. पण हे शब्द आम्हाला रोज नकाशावर लिहायला लागायचे, आणि शब्द चुकला की कोणाचं तरी घर कागदात अडकायचं, त्यामुळे थोडं बोलू शकतो.

सगळ्यात आधी एक टेस्ट देतो, पोरांना लगेच कळेल. शब्दापुढं क्रियापद लावून बघा. वस्ती होते, वस्ती वाढते, वस्ती पसरते. वसाहत मात्र कोणीतरी वसवतं, उभारतं, मंजूर करतं. म्हणजे वसाहत म्हटलं की विचारायचं, कोणी वसवली? सरकारनं, रेल्वेनं, कारखान्यानं, एमआयडीसीनं, कंपनी सरकारनं, कोणीतरी असतंच. वस्तीला असा मालक शोधून सापडत नाही, चार घरं आली, विहिरीला पाणी लागलं, अजून सहा आली, झाली वस्ती. आता ही टेस्ट शंभर टक्के चालते असं नाही, खाली अपवाद येतीलच, पण दहातल्या आठ ठिकाणी हिच्यावर भरवसा ठेवा.

मूळ दोन्हींचं एकच, वसणं. त्यातून वसती, तिची बोलीत वस्ती झाली. वसती म्हणजे मुळात मुक्काम, राहणं. म्हणून तर आपण म्हणतो ना, रात्री वस्तीला राहिलो, किंवा गावात संध्याकाळी येऊन सकाळी निघणारी ती वस्तीची एसटी. तिथं घरं वगैरे काही नाही, फक्त रात्र काढणं. आणि वसतिगृह हा शब्द पण तिथूनच, म्हणून त्यात ति ऱ्हस्व आणि ‘वस्तीगृह’ लिहिलं की चूक, हे आपल्याकडं निम्म्या पाट्यांवर चुकलेलं दिसेल. म्हणजे वस्तीत रात्रीच्या मुक्कामापासून कायमच्या गावापर्यंत सगळं बसतं. वसाहत तेवढी ढिली नाही, एक रात्र राहिलं त्याला कोणी वसाहत म्हणणार नाही.

आता आपल्या खानदेशात हे गाव वसवणं काय प्रकार होता ते बघा म्हणजे शब्द नीट बसेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं फौजांनी लुटालूट केली, त्याच्यावर १८०३-०४ चा दुष्काळ, गावंच्या गावं उठून गेली. दप्तरात अशा गावाला शब्द आहे बेचिराख, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं. गावाचं नाव आहे, शिवार आहे, नकाशा आहे, माणूस नाही. आजही महसुली यादीत अशी गावं सापडतात, जमीन कसणारे शेजारच्या गावात राहतात. आपल्याकडं गावाचे दोन भाग धरायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे जिथं पिढ्यान्‌पिढ्या घरं होती, भिंती पडून पडून माती पांढरी झाली ती जागा. बेचिराख गावात काळी चालू असते, पांढरी ओस. जुन्या मोजणीत अशा पांढरीवर गेलात तर खापराचे तुकडे, पाट्यावरवंट्याचे दगड, कुठंतरी शेंदूर लावलेला मारुती असा पसारा असतो, आणि शेजारचा शेतकरी हळूच विचारतो, साहेब हा तुकडा माझ्या गटात घेता येईल का. गावठाण असल्यामुळे नाही येत.

तर अशी ओस पडलेली गावं परत वसवायची म्हणजे माणसं आणायची. फुकट कोण येणार, म्हणून कौल द्यायचे. कौल म्हणजे लेखी हमी, की तू इथं ये, जमीन तोड, पहिली काही वर्षं सारा माफ किंवा अगदी कमी, मग दरवर्षी थोडा थोडा वाढत पुऱ्या आकाराला येईल. ह्या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणायचे. पेठ वसवायची असली तर व्यापाऱ्यांना जकातीत सूट, शेटे-महाजनांना मान. मराठी राज्यात ही पद्धत पक्की होती, आणि १८१८ ला खानदेश कंपनीकडं गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्यात जवळपास तेच केलं. १८१९ मध्ये त्यानं धुळं मुख्य ठाणं म्हणून निवडलं, तेव्हा ते नदी आणि पाटाच्या मध्ये अडकलेलं लहान गाव होतं. बाहेरून कारागीर आणले, नव्या पेठेत घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्यानं दिल्या, जुन्या रहिवाशांना आणि नव्या येणाऱ्यांना पक्की घरं बांधायला पैसे उचल दिले. आज धुळ्यात सरळ रांगेतल्या नंबरवाल्या गल्ल्या दिसतात, चौथी गल्ली, पाचवी गल्ली, त्या बघून पोरांना सांगा की गाव वसणं आणि गाव वसवणं ह्यात काय फरक असतो. जुनं धुळं वसलेलं, नवं धुळं वसवलेलं. तरी त्याला कोणी वसाहत म्हणत नाही हं, पेठ म्हणतात, कारण तिथं बाजार होता. हा पहिला अपवाद.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे पण वर्गात जरूर सांगा. १८२५ मध्ये कंपनीनं खानदेशात भिल्ल एजन्सी सुरू केल्या आणि धरणगावला जेम्स आउटरमनं भिल्ल पलटण उभी केली. एका बाजूला पलटण, दुसऱ्या बाजूला एजंट लोक डोंगरातल्या भिल्लांना खाली आणून जमीन, बैल, बी, तगाई (म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज) देऊन शेतीला लावत होते. त्या ठिकाणांना भिल्लांच्या वसाहती म्हटलं जातं. इथं वसवणारा आहे, जागा आखून दिलेली आहे, आणि वसणाऱ्याची मर्जी किती होती हा प्रश्न पण आहे. डोंगरावरचा माणूस काबूत राहावा हा सरकारचा मोठा हेतू होता. तुमच्या पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे असं मला वाटतं.

उरलेलं अर्धं पुनर्वसनात. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं आली, अक्कलकुवा आणि धडगाव (म्हणजेच अक्राणी) तालुक्यातली. काही लोक गुजरातेत गेले, काहींना तळोदा-शहादा भागात आणलं, तळोद्याकडची वनजमीन त्यासाठी मोकळी केली. सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर ही नावं तुम्हाला माहीतच असतील. कागदात ह्यांना ‘पुनर्वसन वसाहत’ म्हणतात आणि इथं हा शब्द एकदम अचूक आहे, कारण वसाहत कशी असावी हे १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात आकड्यांसकट लिहिलंय. प्रत्येक कुटुंबाला ६० फूट बाय ९० फूट घरासाठी प्लॉट. १०० कुटुंबांमागं एक प्राथमिक शाळा. ५०० कुटुंबांमागं पंचायत घर, दवाखाना, बियाण्याचं गोदाम, मुलांचं उद्यान, तलाव. ५० कुटुंबांमागं एक विहीर, तिला जनावरांसाठी हौद, आणि झाडाला पार. १०० कुटुंबांमागं एक देवस्थान. म्हणजे झाडाखालचा पार पण कुटुंबं मोजून! वस्तीत पार आधी असतो, त्याच्या सावलीला घरं येतात. वसाहतीत आधी प्लॉट पडतात आणि मग पाराला झाड लावतात.

मी तिकडं प्लॉटच्या हद्दी दाखवायच्या कामाला होतो तेव्हाचं एक सांगतो. सातपुड्यात पाडा कसा असतो तुम्ही बघितलाय, एक घर ह्या टेकाडावर, दुसरं त्या टेकाडावर, मध्ये आपापलं शेत, आवाज दिला तर ऐकू जाईल एवढं अंतर. आणि इथं चुन्यानं आखलेली सरळ ओळ, प्लॉटला प्लॉट चिकटून. एक म्हातारे बाबा खुंटीजवळ उभे राहिले, मला वाटलं माप कमी पडलं म्हणतील. त्यांनी विचारलं, ह्या बाजूला कोण येणार आणि त्या बाजूला कोण? माझ्या यादीत नंबर होते, नंबरापुढची नावं आमच्याकडं दिलेलीच नव्हती. बाबांनी मग घर प्लॉटच्या मध्ये न बांधता एका कोपऱ्यात बांधलं आणि बाकीच्या जागेत तुराट्यांचं कुंपण घालून मका लावला, म्हणजे जमेल तेवढं अंतर त्यांनी स्वतः तयार केलं. नंतर बऱ्याच जणांनी तसंच केलेलं दिसलं. शेजार ही गोष्ट नकाशात दाखवता येत नाही आणि लोकांना तीच आधी पाहिजे असते.

मग इंग्रजांच्या वसाहतीचं काय? शब्द तोच, पण धड्यात त्याचे दोन अर्थ एकत्र होतात आणि तिथंच पोरं गोंधळतात. अमेरिकेतल्या तेरा वसाहती म्हणतो तेव्हा इंग्लंडहून माणसं बोटीनं गेली, जमीन घेतली, गावं वसवली, मूळच्या लोकांना हटवलं. तिथं वसाहत हा शब्द शब्दशः खरा आहे, तिकडचं गाव, तिकडची चर्च, तिकडची शेती. भारतात तसं झालं नाही. इथं आधी आली वखार. सुरतेला वखार, आणि आपल्या धरणगावला पण इंग्रजांची वखार होती, १६७४ च्या सुमाराची, कापडासाठी, आणि पुढच्याच वर्षी ती शिवाजी महाराजांच्या फौजेनं लुटली. वखारीत मूठभर गोरे, माल आणि हिशोब. त्यांना काही इथं पिढ्यान्‌पिढ्या राहायचं नव्हतं. पुढं राज्य आलं तरी गोरा साहेब पेन्शन घेऊन परत गेला. तरी आपण भारताला इंग्रजांची वसाहत म्हणतो, कारण तिथं वसाहतचा अर्थ लोकांची राहण्याची जागा असा नसून परक्यांच्या ताब्यातला मुलूख असा झालाय. वसाहतवाद हा शब्द ह्या दुसऱ्या अर्थावर उभा आहे. पोरांना एवढंच सांगा की घरामागची वसाहत म्हणजे जागा, धड्यातली भारत ही वसाहत म्हणजे सत्ता, आणि तेरा वसाहतीत दोन्ही. पोरगं पुढं विचारेल की मग पुनर्वसनाच्या वसाहतीत सत्ता नाही का, तर त्याला शाबासकी द्या, तिथं मी उत्तर द्यायच्या भानगडीत पडणार नाही.

ह्याच्यात अजून एक खड्डा आहे आणि चांगले शिकलेले लोक त्यात पडतात. इंग्रजांच्या जुन्या कागदांत सेटलमेंट हा शब्द सारखा येतो आणि भाषांतर करणारे बिनधास्त वसाहत लिहून टाकतात. महसुलात सेटलमेंट म्हणजे जमाबंदी, म्हणजे जमीन मोजून, तिची प्रत लावून सारा ठरवणं. आमच्या खात्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबाचं पद आहे जमाबंदी आयुक्त, त्यातली जमाबंदी ती हीच. खानदेशात ही मोजणी सुरू झाली तेव्हा १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल भागात लोकांनी जोरदार विरोध केला, मोजणीवाल्यांना पळवून लावलं. आता हे कोणी ‘वसाहतीला विरोध’ असं लिहिलं तर अर्थाचा पार बट्ट्याबोळ, लोकांना वाटेल तिथं गोरे राहायला आले होते. शेतकऱ्यांची भीती साधी होती, मोजलं की सारा वाढेल. आणि सोलापुरात गेलात तर सेटलमेंट म्हणजे तिसरंच, गुन्हेगार जमाती कायद्याखाली लोकांना तारेच्या कुंपणात ठेवायचे ती जागा. तो कायदा १९५२ ला गेला, नाव लोकांच्या तोंडात राहिलं.

बाकी रोजच्या बोलण्यात बघा, स्वतःहून कोणी ‘मी वसाहतीत राहतो’ म्हणत नाही. कॉलनीत राहतो म्हणतात. जळगावात गणेश कॉलनी, सिंधी कॉलनी, भुसावळला रेल्वे कॉलनी. भुसावळ तर त्याचं मोठंच उदाहरण आहे, १८६० च्या दशकात रेल्वे आली आणि साध्या खेड्याचं जंक्शन झालं, रेल्वेनं साहेबांना बंगले, कामगारांना चाळी बांधल्या, पंधरा बंगला हे नाव अजून चालतं. ही हाडाची वसाहत, पण लोक कॉलनीच म्हणणार. वसाहत हा शब्द बोलण्यात कुठं टिकलाय? पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत, कामगार वसाहत, आणि धरणाजवळची ती पाटबंधारे वसाहत जिथं आता बाभळी उगवल्यात. म्हणजे जिथं मालकी सरकारची किंवा संस्थेची आहे तिथं. बातमीत मात्र वेगळं, ‘शहरातील नवीन वसाहतींमध्ये पाणी नाही’ असं छापून येतं, त्यात खाजगी बिल्डरनं पाडलेले प्लॉट पण येतात. तिथं पण बघा, कोणीतरी लेआउट टाकला, एनए म्हणजे जमीन बिनशेती केली, ओपन स्पेस सोडला (किंवा सोडल्याचं दाखवलं), म्हणजे वसवणारा आहेच.

वस्ती शब्दाचं मात्र जपून. खेड्यात ‘पाटलाची वस्ती’ म्हटलं तर शेतातलं घर, त्यात मानच आहे. शहरात ‘वस्तीतला पोरगा’ म्हटलं की समोरचा झोपडपट्टी समजतो. आणि सरकारी कागदात दलित वस्ती म्हणून योजना होती, वस्त्यांना जातीची नावं होती. डिसेंबर २०२० ला शासनानं ती जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचा निर्णय केला. वर्गात त्या वस्त्यांतली पोरं बसलेली असतात, उदाहरण देताना हे डोक्यात ठेवा.

आपल्याकडं ह्या दोन शब्दांशिवाय पण खूप आहेत आणि ते जसेच्या तसे ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे. पाडा, तांडा, वाडा ह्यांना सरसकट वस्ती म्हणू नका. चाळीसगाव-पारोळ्याकडचा बंजाऱ्यांचा तांडा आधी चालता होता, मग थांबला, नाव तेच राहिलं. साक्रीकडच्या ठेलारींचा वाडा म्हणजे मेंढरांसकट फिरणारा मुक्काम, त्याला वस्ती म्हटलं तर चालेल, वसाहत अजिबात नाही. पुरातत्त्ववाले मात्र दोन्ही शब्द वापरतात, प्रकाशा, बहाळ, सावळदा इथं ताम्रपाषाण काळाची वसाहत किंवा वस्ती सापडली असं लिहितात. तिथं वसवणारा कोण होता माहीत नाही तरी वसाहत. हा माझ्या टेस्टचा दुसरा अपवाद, आणि मधमाश्यांची, जिवाणूंची वसाहत हा तिसरा, त्यांना तर कोणी एनए करून दिलेलं नाही.

हे सगळं शब्दांचं खेळणं वाटेल पण कागदावर फरक पडतो. गावठाण ही कायद्यातली गोष्ट आहे, महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १२२ खाली कलेक्टर त्याची हद्द ठरवतात. ड्रोननं गावठाणाची मोजणी झाली, मिळकत पत्रिका निघाल्या, त्या गावठाणातल्या घरांच्या. शेतातल्या वस्तीवर तीन पिढ्या राहणारा माणूस त्यात येत नाही, त्याच्या घराखालची जमीन सातबाऱ्यावर शेतीच असते. डोंगरात अजून वेगळं, अक्कलकुवा-अक्राणीकडची ७३ वनगावं वर्षानुवर्षं वनखात्याच्या हद्दीत गाव असून महसुली गाव नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्यात मुद्दाम तरतूद आहे की वनगावं, जुन्या वस्त्या, न मोजलेली गावं ह्यांना महसुली गाव करून घेण्याचा हक्क आहे. त्या अर्जात तुम्ही वसाहत लिहिलं तर समोरचा लगेच म्हणेल की कोणी वसवली, कधी, म्हणजे हे लोक बाहेरून आलेले. म्हणून तिथं ‘जुनी वस्ती’ किंवा ‘पाडा’ हाच शब्द लिहायचा. पुनर्वसनाच्या अर्जात उलटं, तिथं वसाहतच लिहा, म्हणजे शाळा, विहीर, रस्ता ह्या सोयी मागायला निवाड्याचा आधार राहतो.

आणि लिहिण्याचं थोडं. वसाहत स्त्रीलिंगी, अनेकवचन वसाहती. ‘वसाहतमध्ये’ असं हल्ली फार दिसतं, ते वसाहतीत किंवा वसाहतीमध्ये पाहिजे. माणूस स्वतः जाऊन राहिला तर ‘तो नवापूरला स्थायिक झाला’, धंदा जमवला तर ‘बस्तान बसवलं’, भाड्यानं खोली घेतली तर ‘बिऱ्हाड केलं’. एकट्या माणसाला वसाहत करता येत नाही. तुमच्या पोरांना घरचा अभ्यास द्यायचा असेल तर आपल्या गावाचं नाव घ्यायला सांगा, पुढं खुर्द, बुद्रुक, दिगर असं काही आहे का बघा, काथर्दे दिगरमधलं दिगर म्हणजे दुसरं, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायला लावा की आपण इथं कुठून आलो आणि तेव्हा इथं आधी कोण राहत होतं. उत्तरं आली की मला पण कळवा, शहाद्याच्या पट्ट्यात गुजर, पावरा, भिल्ल, बाहेरून आलेले नोकरदार सगळे आहेत, एकाच वर्गात चार-पाच वेगळ्या तऱ्हेनं वसलेली घरं निघतील.